संगीतशिक्षणाची साधने : स्वरलिपी ते संगणक

संगीतशिक्षणाची साधने : नवशिक्या विद्यार्थ्यास स्वर, ताल व राग यांचा परिचय करून देण्यासाठी गुरूच्या प्रत्यक्ष गायनवादनाव्यतिरिक्त जी लिखित, यांत्रिक वा संगणकीय साधने वापरली जातात, त्यांचा येथे विचार केला आहे. स्वरलिपी, हार्मोनियम, ध्वनिमुद्रिका, इलेक्ट्रॉनिक तंबोरा, तालयंत्र आणि अलीकडील संगणक-आज्ञावल्या ही त्यांतील प्रमुख होत. यांपैकी प्रत्येक साधन गुरूच्या शिकविण्यातील एखादाच अंश उचलते, तो स्थिर करते आणि दूरवर पोहोचविते. जो अंश त्यात मावत नाही, तो विद्यार्थ्याच्या कानाआड होण्याचा संभव असतो. काय डोळ्यांना दाखवावयाचे आणि काय कानावर सोपवावयाचे, हा साधन घडविणाऱ्याचा निर्णय वरकरणी तांत्रिक भासला, तरी मुळात तो सांगीतिक असतो. हिंदुस्थानी संगीताच्या क्षेत्रात या प्रश्नाचा इतिहास संगणकाच्या कितीतरी आधी सुरू होतो व त्यातील महत्त्वाची प्रकरणे महाराष्ट्रात घडली आहेत.

मौखिक परंपरा : घराणेदार शिक्षणात विद्या मुखोद्गत असे. शिष्य गुरूच्या सहवासात राही, त्याचे गाणे ऐके, त्यामागून गाई आणि चुकला की तेथेच अडविला जाई. या पद्धतीत शिकण्याचा घटक सुटा स्वर नसून स्वरसमूह, म्हणजे पलटा, मुखडा किंवा रागाची पकड हा असे. चूक दाखविण्याचे कामही शब्दांनी थोडे व गुरूच्या पुन्हा गाण्याने अधिक होई. या पद्धतीची मोठी अडचण म्हणजे ती सर्वांना उपलब्ध नव्हती. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांना ती विद्या मिळविण्यासाठी उत्तरेत जाऊन राहावे लागले होते. मिरज, पुणे, मुंबई यांसारखी केंद्रे पुढे निर्माण झाली. तथापि बाभुळगावसारख्या, यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी राहणाऱ्या नवशिक्याच्या दृष्टीने ही सर्व ठिकाणे दूरचीच होती. संगीतशिक्षणातील साधनांची गरज मुख्यतः अशा विद्यार्थ्याच्या गरजेतून समजून घ्यावी लागते.

स्वरलिपी : आधुनिक काळात संगीत लिहून शिकविण्याचे संघटित प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला. बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मौलाबक्ष (१८३३–९६) यांनी १८८६ मध्ये संगीतशाळा सुरू केली व तेथील शिक्षणासाठी स्वतःची स्वरलिपी उपयोगात आणली. या प्रयत्नांना व्यापक रूप दिले ते विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) आणि विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी.

बाळकृष्णबुवांचे शिष्य असलेल्या पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले व १९०८ मध्ये मुंबईस त्याची शाखा काढली. वर्गात एकाच वेळी अनेकांना शिकवावयाचे, तर पाठ लिहिलेला हवा, या गरजेतून त्यांची स्वरलिपी आकारास आली. तिच्या मूळ रूपात प्रत्येक स्वराखाली त्याच्या कालमानाची खूण असे. भातखंडे यांनी वकिली सोडून देशभर हिंडून बंदिशी जमविल्या आणि त्या लिहिण्यासाठी साधी लिपी योजिली. तीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब, तार सप्तकासाठी वर टिंब, एका मात्रेतील स्वरांखाली कंस, समेस गुणाकाराचे चिन्ह व कालास शून्य एवढ्याच खुणा शिकाव्या लागतात. नित्याच्या देवनागरी अक्षरांना रेघ वा टिंब जोडून ती छापता येते. त्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग आणि गुरुशिष्य-संवादाच्या रूपाने मराठीत लिहिलेला हिंदुस्थानी संगीत पद्धति हा चार भागांतील ग्रंथ यांमुळे घराण्यांतील बंदिशी सामान्य विद्यार्थ्याच्या हाती आल्या.

या दोन लिप्यांची तुलना साधनांच्या रचनेच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. भातखंडे पद्धतीत स्वरावरील टिंब तार सप्तक दर्शविते, तर पलुस्कर पद्धतीत तेच टिंब मंद्र सप्तकाचे असते व तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेघ येते. भातखंड्यांची उभी रेघ मात्र तीव्र मध्यमाची आहे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत असूनही एकीतून दुसरीत जाणारा विद्यार्थी अडखळतो. वरच्या स्वरासाठी वर खूण आणि खालच्यासाठी खाली, ही भातखंड्यांची मांडणी शिकविल्याविना उमगते. चिन्ह आणि त्याचा अर्थ यांत नैसर्गिक साम्य असावे, हे दर्शनपटलाच्या रचनेचे आजचे तत्त्व अशा रीतीने मुद्रणाच्या खिळ्यांतही कामास आलेले दिसते.

स्वरलिपीची मर्यादा तिच्या कर्त्यांना ठाऊक होती. मींड, आंदोलन, स्वराचा लगाव आणि आवाजाचा पोत यांची खूण देता येते, प्रत्यक्ष रूप देता येत नाही. म्हणूनच विनायकराव पटवर्धन (१८९८–१९७५) यांचे रागविज्ञान, बा. र. देवधर (१९०१–९०) यांचे रागबोध यांसारखी पुढील पाठ्यपुस्तकेही शिक्षकाच्या सोबतीनेच वापरली गेली. १९३१ मध्ये पलुस्करांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत्या परीक्षांमुळे शिक्षणक्रमाला ठरीव पायऱ्या मिळाल्या आणि लहान गावांतील विद्यार्थ्यालाही आपण कोठवर आलो, हे कळू लागले.

हार्मोनियम : पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ याने १८४२ मध्ये पेटंट घेतलेल्या या वाद्याला पुढे कलकत्त्यात हाताने भाता चालविण्याजोगे सुटसुटीत रूप मिळाले. संगीत नाटक, कीर्तन आणि भजन यांद्वारे पेटी महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–६८) यांच्या खंजिरी भजनांनी भारलेल्या विदर्भातील गावोगावच्या भजनी मंडळांत अनेकांचे पहिले स्वरज्ञान पेटीच्या पट्ट्यांवरच झाले. नवशिक्याला पेटी सोयीची वाटते, याचे कारण तिची रचना. स्वर डोळ्यांना दिसतो, बोटाला सापडतो आणि दाबताच तयार मिळतो. तंबोऱ्याप्रमाणे तो आधी जुळवावा लागत नाही.

या सोयीची किंमतही आहे. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. सप्तकाचे १,२०० सेंट मानल्यास प्रत्येक भाग १०० सेंटचा होतो आणि शुद्ध गांधार ४०० सेंटवर येतो. उलट नीट जुळविलेल्या तंबोऱ्याच्या षड्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो षड्जाशी ५:४ या प्रमाणात, म्हणजे सुमारे ३८६ सेंटवर असतो. काळी एक या पट्टीत मंद्राकडील षड्जाची कंपनसंख्या सेकंदास सुमारे १३८·६ धरली, तर त्याचा पाचवा स्वरांश ६९३ च्या आसपास आणि पेटीवरील गांधाराचा चौथा स्वरांश ६९८·५ च्या आसपास पडतो. दोन्ही एकदम वाजले म्हणजे सेकंदाला पाचसहा विस्पंद, अर्थात नाद कमीजास्त होत असल्याचा भास, निर्माण होतात. तंबोरा आणि पेटी एकाच वेळी ऐकणाऱ्या नवशिक्यास असे दोन निरनिराळे गांधार शिकविले जातात.

या दोषावर महाराष्ट्रात विचार झाला होता. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्‌स यांच्या सहकार्याने त्यांच्या मतानुसार श्रुति-हार्मोनियम तयार झाली व १९१६ च्या बडोदे संगीत परिषदेत तिच्यावर चर्चाही झाली. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली; १९७१ पासून ती टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली. संगणकीय साधनांविषयीचा वादही याच मुद्द्याभोवती फिरतो, हे पुढे दिसून येईल.

ध्वनिमुद्रण, इलेक्ट्रॉनिक तंबोरा व तालयंत्र : भारतात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्त्यात प्रारंभ झाला. सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीत राग आटोपशीर करून गावा लागे, तरी थोर गायकांचा आवाज प्रथमच गावोगाव ऐकू आला. पुढे ध्वनिफितीमुळे एकच जागा मागे नेऊन पुनःपुन्हा ऐकण्याची सोय झाली. मात्र ध्वनिमुद्रण विद्यार्थ्याला ऐकवते, त्याचे ऐकत नाही.

१९७०–८० या दशकाच्या अखेरीपासून बंगलोरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी आणि नंतर तंबोरा व तालयंत्र तयार केले. ज्याच्या घरी तंबोरा नाही, किंवा असूनही तो लावता येत नाही, अशा विद्यार्थ्याला आपल्या पट्टीतील अखंड षड्ज व पंचम मिळू लागला. पट्टी निवडण्याची कळ, सूक्ष्म फेरफाराची कळ आणि लयीची कळ अशा मोजक्या कळांवर चालणारी ही यंत्रे नवशिक्यासाठी उत्तम ठरली. तालयंत्राने ठेका अचूक दिला. मात्र साथ करणारा तबलजी गायकाबरोबर घेतो तसा श्वास त्यात नसतो.

संगणकीय साधनांचा उगम : संगणकाने संगीत शिकविण्याचे महत्त्वाचे आरंभीचे प्रयोग अमेरिकेत झाले. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या प्रणालीवर डेलावेअर विद्यापीठात १९७०–८० या दशकात फ्रेड हॉफस्टेटर यांनी गुइडो ही आज्ञावली तयार केली. स्वररेषांच्या साहाय्याने गायन शिकविणारा अकराव्या शतकातील इटालियन साधू गुइडो याच्या नावाची तीत आठवण आहे. विद्यार्थी स्वरांतर ऐकून पटलावरील चौकटीस स्पर्श करून उत्तर देई. मॅसॅच्यूसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जीन बॅम्बर्गर यांनी मुलांवरील प्रयोगांतून निराळा निष्कर्ष काढला. नवशिका सुटे स्वर ऐकत नाही, तो अर्थपूर्ण स्वरसमूह ऐकतो. म्हणून त्यांच्या इंप्रॉम्प्ट्यू या आज्ञावलीत मुले सुरावटींचे तुकडे जोडून चाल रचतात. पलटा व पकड यांपासून आरंभ करणाऱ्या भारतीय गुरूची रीत याच निष्कर्षाशी जुळते.

१९८३ मध्ये वाद्ये व संगणक यांना जोडणारा मिडी हा संकेत निश्चित झाला. त्यात प्रत्येक पट्टीस ० ते १२७ पैकी एक क्रमांक दिलेला असतो व दोन क्रमांकांमधील नादासाठी वेगळा आदेश द्यावा लागतो. पियानोच्या पट्ट्यांवर आधारलेला हा विचार अनेक आज्ञावल्यांच्या मुळाशी राहिला. क्रोम म्युझिक लॅब (२०१६) किंवा एबलटन कंपनीचे नवशिक्यांसाठीचे संकेतस्थळ (२०१७) यांत मुलाला चौकटी भरून क्षणात चाल रचता येते आणि कोणतेही पूर्वज्ञान लागत नाही. तथापि या चौकटींत षड्जावरून गांधारावर घसरत जाणाऱ्या मींडेला जागा नाही.

भारतीय संगीताच्या स्वभावानुसार साधने घडविण्याचे कामही त्याच सुमारास सुरू झाले. तबल्याच्या बोलांची वाक्यरचना अभ्यासण्यासाठी बर्नार्ड बेल यांनी जेम्स किपेन यांच्या लखनौ येथील संशोधनाकरिता १९८२ मध्ये बोल प्रोसेसर ही आज्ञावली लिहिली. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात (एन.सी.पी.ए., स्था. १९६९) पुढे बेल यांच्या स्वरगती-विश्लेषक यंत्राच्या आधारे गायनाचे आलेख काढले गेले. त्याच संस्थेत सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मेर यांनी रागांच्या स्वयंचलित आलेखनाचा प्रकल्प राबविला. गाणे चालू असताना स्वराची वाट रेषेच्या रूपाने पटलावर उमटते, मींड वळणाने व आंदोलन लहरींनी दिसते. बार्सिलोना येथील पाँपेऊ फाब्रा विद्यापीठाने २०११ मध्ये सुरू केलेल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पात मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील संशोधकांचाही सहभाग होता. या प्रकल्पातील संशोधकांनी पुढे रियाझ हे भ्रमणध्वनीवरील साधन तयार केले. तंबोरा व तबला भ्रमणध्वनीवर आणणाऱ्या आयतबला प्रोसारख्या आज्ञावल्याही रूढ झाल्या. या सर्वांमुळे जे साधन आरंभी प्रयोगशाळेत होते, ते विद्यार्थ्याच्या खिशात आले.

दर्शनपटलाची रचना : स्वर ओळखणारी आज्ञावली ध्वनिलहरींतील आवर्तनाचा काल मोजून कंपनसंख्या काढते आणि ती निवडलेल्या षड्जाशी ताडून पाहते. भारतीय संगीतात षड्ज गायकाच्या आवाजानुसार ठरतो, म्हणून आधी पट्टी निश्चित करवून घेणे हा अशा साधनाचा पहिला पाठ होय. तंबोऱ्याचा आवाज ध्वनिवर्धकातून येत असेल, तर यंत्र त्यालाच विद्यार्थ्याचा स्वर समजण्याचा धोका असतो; यावर तारेच्या कर्णध्वनीचा उपाय आहे. बिनतारी कर्णध्वनीत आवाज पोहोचण्यास पुष्कळदा सेकंदाच्या दशांशाहून अधिक विलंब लागतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत त्रितालात एक मात्रा पाव सेकंदाची असते. म्हणजे एवढ्या विलंबाने मात्रेचा दोनपंचमांश भाग सरकतो आणि तालात असलेला विद्यार्थी बेताल ठरतो. २०२० च्या महासाथीत दूरस्थ शिकवण्या सुरू झाल्या, तेव्हा गुरू व शिष्य यांना एकत्र गाता येईना, याचेही कारण हेच होते.

ताल दाखविण्यास सरळ रेषेपेक्षा वर्तुळ अधिक योग्य ठरते, कारण आवर्तन समेवर परत येते. लेखनासाठी देवनागरी सरगम असल्यास मराठी विद्यार्थ्याला वेगळी चिन्हे शिकावी लागत नाहीत. युनिकोड या लिपिसंकेतनात वैदिक स्वरांसाठी असलेली अनुदात्ताची आडवी व उदात्ताची उभी रेघ भातखंड्यांच्या कोमल व तीव्र चिन्हांसारखीच दिसते. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची लिपी संगणकावरही बव्हंशी उमटविता येते.

सर्वांत नाजूक प्रश्न चूक दाखविण्याचा आहे. विद्यार्थ्याची स्वररेषा आदर्श रेषेवर पडली की पटल हिरवे होते, सुटली की लाल होते. येथे दोन गृहीतके असतात. पहिले, शुद्ध स्वराचे स्थान एका बिंदूवर ठरलेले आहे. नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांत एकाच स्वराचे स्थान प्रत्यक्ष वादनात सरकत असल्याचे दिसून आले होते. हिरवा पट्टा किती रुंद ठेवावा, हा प्रश्न म्हणूनच सोडवणुकीचा नसून निवडीचा आहे. त्याचा मध्य ४०० सेंटवर ठेवल्यास पेटीचा जुना दोष नव्या यंत्रात येतो. दुसरे गृहीतक असे की, चूक तत्काळ व सतत दाखविल्याने शिक्षण पक्के होते. साल्मोनी, श्मिट व वॉल्टर यांनी १९८४ मध्ये हालचालींच्या शिक्षणावरील संशोधनाचा परामर्श घेऊन दाखविले, की सतत मिळणाऱ्या सूचनेमुळे सरावाच्या वेळी कामगिरी सुधारते, परंतु सूचना काढून घेताच ती ढासळू शकते. शिकणारा सूचनेवर विसंबतो. संगीतात याचा अर्थ असा की, विद्यार्थी रेषेकडे पाहून गातो व तंबोरा ऐकण्याचे सोडून देतो.

मर्यादा व मूल्यमापन : स्वर अचूक लागणे म्हणजे राग येणे नव्हे. भूप आणि देशकार या दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. भूपात गांधार वादी आहे, तर देशकारात धैवत. चलन, न्यास आणि स्वरांवर दिलेला भर यांनी दोन्ही राग वेगळे होतात. फक्त स्वरस्थाने तपासणारे यंत्र देशकार गाण्याच्या प्रयत्नात भूप गाणाऱ्यास पूर्ण गुण देईल. तेथे गुरू लागतो. स्वरसमूहांची तुलना करणारे संशोधन या दिशेने जात असले, तरी नवशिक्याच्या गळ्यातून अर्धवट उमटलेल्या वाक्यात कोणता राग अभिप्रेत होता, हे जाणकाराचा कान सहज ओळखतो.

या इतिहासावरून उत्तम साधनाची लक्षणे सांगता येतात. त्याने आरंभी तंबोरा द्यावा, पट्टी नंतर द्यावी. सुट्या स्वरांऐवजी लहान स्वरवाक्ये ऐकवावीत. विद्यार्थी गात असताना पटल शांत ठेवावे आणि गाऊन झाल्यावर त्याने स्वतःचे ऐकून काय चुकले हे सांगितले, म्हणजे मग आलेख दाखवावा. सराव वाढेल तसतसे दाखविणे कमी करावे. असे साधन घडविणे अवघड नाही. परंतु क्षणोक्षणी गुण व रंग देणाऱ्या साधनाइतके ते आकर्षक वाटत नाही, म्हणून बाजारात ते मागे पडण्याची भीती असते. शाळा व परीक्षा-मंडळे यांनी निवडीच्या वेळी या गोष्टीकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

तालुक्याच्या गावातील ज्या मुलीला जवळपास शिक्षक नाही, तिच्यासाठी भ्रमणध्वनीवरील तंबोरा ही चैन नसून संगीतात प्रवेश करण्याचे दार आहे. गुरूच्या अभावी यंत्र वापरू नये, असे सांगणे तिला संगीतापासून दूर ठेवण्यासारखे होईल. भातखंडे आणि पलुस्कर यांच्या पुस्तकांवरही एके काळी असाच आक्षेप घेतला गेला होता. तरी त्या पुस्तकांनीच संगीत घराण्यांच्या उंबरठ्याबाहेर आणले. पुस्तक मिटल्यावर बंदिश स्मरणात राहिली, तर ते पुस्तक कामी आले असे म्हणतात. पटल बंद केल्यावरही विद्यार्थ्याला आपला षड्ज सापडला, तर संगणकीय साधनाविषयीही तसेच म्हणता येईल.